हृदय-अक्षमता आणि तिची चिकित्सा : बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रापासून सूक्ष्म आरएनएपर्यंत

आधुनिक वैद्यकाचा इतिहास सांगण्याची आपल्याकडील रूढ रीत अशी आहे की, शोध युरोप-अमेरिकेत लागतात, काही वर्षांनी ते मुंबई-पुण्यास पोहोचतात आणि तेथून हळूहळू तालुक्याच्या गावी झिरपतात. पुष्कळ शोधांच्या बाबतीत हे वर्णन यथार्थही आहे. परंतु हृदय-अक्षमतेच्या चिकित्सेच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की, जे ह्या क्रमात बसत नाही. ते भोर व वेल्हे ह्या तालुक्यांच्या ऐन पायथ्याशी, घाट उतरताच लागणाऱ्या महाडच्या मुलखात, १९७६ नंतरच्या दहा वर्षांत घडले. त्या प्रकरणातून जो प्रश्न उभा राहिला तोच आज हृदयपेशींतील सूक्ष्म आरएनएंच्या संशोधनापुढे निराळ्या वेषात उभा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि ते मत अभ्यासकांनी तपासून पाहावे एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम संज्ञेविषयी. ‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे हृदय बंद पडणे, असा सामान्य समज आहे. तो बरोबर नव्हे. हृदय चालूच असते. पण शरीरास लागेल तेवढे रक्त पुढे लोटण्याची त्याची शक्ती कमी पडते, किंवा तेवढे रक्त लोटण्यासाठी त्याला आपल्या आतील दाब अवाजवी वाढवावा लागतो. परिणामी पायांवर सूज येते, थोड्याशा श्रमाने धाप लागते, रात्री आडवे होणे कठीण जाते आणि अखेरीस फुप्फुसांत पाणी भरते. ह्या अवस्थेस येथे हृदय-अक्षमता म्हटले आहे. ती एक व्याधी नसून अनेक व्याधींच्या वाटा जेथे मिळतात ते ठिकाण आहे. हृदयाच्या रोहिण्या तुंबून स्नायूचा काही भाग मेला, सांध्यांच्या तापानंतर झडपा आक्रसल्या, वर्षानुवर्षे रक्तदाब चढा राहिला, प्रसूतीच्या सुमारास स्नायू दुबळा झाला, किंवा बाहेरून एखाद्या विषाचा घाला पडला, वाट कोणतीही असो, अखेरीस रोग्याच्या कागदावर नाव एकच लिहिले जाते. नावाच्या ह्या एकपणाने चिकित्सेच्या इतिहासात जेवढा घोटाळा केला तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने केला असेल.

जुन्या वैद्यांची कल्पना सरळ होती : हृदय दुबळे झाले आहे, तेव्हा त्यास जोर द्यावा. विल्यम विदरिंग ह्या इंग्रज वैद्याने १७८५ मध्ये डिजिटॅलिस ह्या वनस्पतीविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षे त्या वनस्पतीचे सत्त्व हा चिकित्सेचा एक मुख्य आधार होऊन राहिला. आपल्याकडील पिवळ्या कण्हेरीतही त्याच जातीची द्रव्ये असतात. तिच्या बिया पोटात गेल्यास हृदयाची लय बिघडून माणूस दगावतो, त्याचे कारण हेच. हृदय मुळात दुबळे नसून त्याच्यावरील ओझे फार झाले असेल तर काय करावे, हा विचार मागाहून आला. ज्या रक्तवाहिन्यांत हृदयाला रक्त लोटावयाचे त्या आवळल्या गेल्या असतील तर हृदयाला चाबूक मारण्यापेक्षा वाहिन्या सैल करणे शहाणपणाचे.

ह्या दुसऱ्या विचाराच्या इतिहासात मुंबईचे नाव एकदा ठळकपणे येऊन गेले आहे. डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या मुळांचा उच्च रक्तदाबावरील परिणाम प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी त्या मुळांतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले, आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले नॉरॲड्रिनलिन रिते करते, हे पुढे समजले. भीती, श्रम, रक्तस्राव अशा प्रसंगी शरीर जी द्रव्ये रक्तात सोडते त्या ॲड्रिनलिन-नॉरॲड्रिनलिन ह्या जोडीचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण यापुढील सर्व हकिकतीत तेच सूत्र आहे.

आता घाटाकडे वळू. भोर गावाहून महाडकडे जाणारा रस्ता नीरेच्या खोऱ्यातून वरंधा घाटाने उतरतो. वेल्ह्याच्या बाजूस केळद गावाहून मढे घाटाची पायवाट खाली जाते, आणि तीही महाडच्याच मुलखात पोहोचते. (वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला; येथे जुने नाव ठेवले आहे.) घाटमाथा आणि तळकोकण हे दोन निराळे प्रदेश आहेत असे नकाशावरून वाटते, परंतु भोरच्या सचिवांच्या संस्थानात घाटावरील मावळांबरोबर खालचा सुधागडही होता, आणि १९४८ मध्ये ते संस्थान विलीन होईपर्यंत हा कारभार एकच होता. भाताची शेती, पेंढ्याची उडवी, दगडमातीची घरे, गोवऱ्या-लाकडांची रास आणि त्यांत राहणारा लाल विंचू ह्या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. कोकणातील ज्या खोऱ्यात पुढील संशोधन झाले ते भोर-वेल्ह्यास परके नव्हते, एवढे ह्यावरून दिसावे.

विंचवाच्या दंशाबद्दल ह्या मुलखात दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या एकाच वेळी ठाऊक होत्या. एक अशी की, विंचू उतरवता येतो. मांत्रिक मंत्र म्हणतो, आघाड्याचे मूळ उगाळून लावतात, आणि वेदना काही तासांत ओसरते. दुसरी अशी की, काही माणसे, त्यांतही लहान मुले, विंचू चावल्यानंतर घाम येऊन, थंड पडून, तोंडाला तांबूस फेस येऊन मरतात. ह्या दोन्ही अनुभवांत विरोध नाही. बहुसंख्य दंशांत वेदनेपलीकडे काही होत नाही व ती आपोआप शमते. तिचे श्रेय मंत्रास मिळते. थोड्या दंशांत विष सर्वांगात भिनते, आणि तेथे मंत्रही चालत नाही व मूळही चालत नाही. विशेष हे की, ज्याची वेदना असह्य व जागच्या जागी असते तो रोगी बहुधा वाचणारा असतो, आणि ज्याला वेदना फारशी नसून उलट्या व घाम सुरू होतो तो धोक्यातला असतो. ठणका पाहून धोका मोजणाऱ्या घरच्या माणसांची आणि पुष्कळदा डॉक्टरांचीही दिशाभूल होत असे, ती ह्यामुळे.

शास्त्रीय वाङ्मयात ही गोष्ट अगदीच अज्ञात नव्हती. मुंडले ह्यांनी १९६१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विंचूदंशानंतर होणाऱ्या फुप्फुसशोफाची, म्हणजे फुप्फुसांत पाणी भरण्याची, नोंद केली होती. गायतोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये लॅन्सेटमध्ये त्याच विषयावर लिहिले. पण रोग ओळखणे व रोगी वाचविणे ह्यांत अंतर होते. दवाखान्यात ॲट्रोपिन, स्टेरॉइड, डिजिटॅलिस, मूत्रल औषधे असे हाताशी असेल ते दिले जाई. हृदय थकले आहे, त्यास जोर द्या, ही विदरिंगच्या काळापासूनची समजूत त्या उपचारात मुरलेली होती.

१९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर हे बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रात रुजू झाले. बिरवाडी महाड तालुक्यात आहे. जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणविला जाई, १९८१ पासून तो रायगड झाला. बावस्करांनी तेथे जे केले ते वर्णन करावयास सोपे आणि करावयास अवघड होते. त्यांनी दंश झालेल्या रोग्यांजवळ बसून क्रम टिपला : प्रथम उलटी, मग अंगभर घाम, पुरुषांत शिस्नाचा ताठरपणा, हातपाय बर्फासारखे थंड, रक्तदाब आधी चढतो, मग उतरतो, आणि त्यानंतर फुप्फुसांत पाणी. हृदयावर संकट येणार हे आधी सांगणाऱ्या ह्या चिन्हांवरचा त्यांचा लेख लॅन्सेटमध्ये १९८२ साली प्रसिद्ध झाला. पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी एम. डी. चे शिक्षण घेतले व पुन्हा महाडकडेच गेले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्या पुढील कार्यात सहभागी व सहलेखिका आहेत.

त्या टिपणांतून जो निष्कर्ष निघाला त्याचे महत्त्व असे : येथे हृदय दुबळे झालेले नसून बेफाम हाकलले गेलेले आहे. विषातील प्रथिने मज्जातंतूंच्या सोडियम-वाहिन्या उघड्या ठेवतात. त्यामुळे मज्जातंतू थांबत नाहीत, आणि ॲड्रिनलिन-नॉरॲड्रिनलिनचा पूर रक्तात येतो. आल्फा नावाच्या ग्राहकांवर त्यांचा आघात होऊन सर्व देहाच्या रक्तवाहिन्या आवळतात. डाव्या हृदयकोष्ठासमोर जणू बंद दार उभे राहते, आणि मागे फुप्फुसांत रक्त तुंबते. हातपाय थंड पडणे हे त्या आवळण्याचेच बाह्य चिन्ह. अशा हृदयाला जोर देणारे औषध देणे म्हणजे धावून दमलेल्या बैलास पराणी टोचणे होय. आरंभी सोडियम नायट्रोप्रुसाइडचा उपयोग करून पाहण्यात आला. ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते व क्षणोक्षणी रक्तदाब मोजावा लागतो. खेड्यातील केंद्रात हे कितीसे चालणार? म्हणून आल्फा-ग्राहक रोधणारे, तोंडाने घेण्याजोगे व स्वस्त असे प्राझोसिन हाती घेतले गेले. १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये त्याची हकिकत आली. फुप्फुसशोफ झालेल्या रोग्यांपैकी जेथे पूर्वी सुमारे तीस टक्के दगावत, तेथे प्राझोसिननंतर हे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले, असे बावस्करांनी आपल्या लेखांत नोंदविले आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु इतिहासाच्या दृष्टीने मोलाचे आहे ते हे की, एक गोळी, घड्याळ आणि रक्तदाबमापक एवढ्या साधनांवर ही चिकित्सा उभी होती.

आता त्याच १९८६ साली अमेरिकेत काय घडत होते ते पाहावे. कारण हा योगायोग इतिहासकाराने सोडता कामा नये. तेथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत जुनाट हृदय-अक्षमतेच्या ६४२ पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली होती, व तिचा वृत्तांत त्या वर्षी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. एका गटास हायड्रॅलाझिन व आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट ही जोडी, दुसऱ्यास प्राझोसिन, तिसऱ्यास नुसती नकली गोळी. जोडीच्या गटात मृत्यू कमी झाले. प्राझोसिनच्या गटात मात्र नकली गोळीहून काही अधिक लाभ दिसला नाही. म्हणजे एकाच वर्षी, एकाच औषधाने, ‘हृदय-अक्षमता’ ह्या एकाच नावाच्या अवस्थेत, महाडला माणसे वाचविली आणि अमेरिकेत काही केले नाही.

ह्यातून कोणी एक वृत्तांत खोटा ठरवू पाहील तर ती चूक होईल. दोन्ही खरे आहेत. महाडच्या रोग्याचे हृदय दंशाच्या आदल्या क्षणापर्यंत बहुधा निरोगी होते; ओझे काही तासांचे होते; ते उतरले की हृदय पूर्ववत होई. अमेरिकेतील रोग्याचे हृदय वर्षानुवर्षे बदलत गेलेले होते. त्याच्या पेशींची घडण पालटली होती. आणि शरीराने प्राझोसिनला वळसा घालण्याच्या वाटा शोधल्या होत्या. जुनाट अक्षमतेत जे उपयोगी पडले ते निराळेच. ब्राझीलमधील जाराराका सर्पाच्या विषावरील फेरेइरा ह्यांच्या १९६५ च्या कामातून पुढे कॅप्टोप्रिल निर्माण झाले; त्याच वर्गातील एनालाप्रिलने अत्यंत आजारी रोग्यांतील सहा महिन्यांचे मृत्यू ४४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आणले, असे १९८७ च्या स्कँडिनेव्हियन चाचणीत दिसले. एका विषाने रोग शिकविला, दुसऱ्याने औषध दिले! बीटा-रोधक औषधांची कथा तर ह्याहून विलक्षण आहे. दुबळ्या हृदयास ती घातक, असे पाठ्यपुस्तके सांगत. स्वीडनमधील वागस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ती थोड्या रोग्यांना दिली, आणि १९९९ पर्यंत मोठ्या चाचण्यांनी त्यांचा लाभ सिद्ध केला. पण विंचूदंशाच्या रोग्यास मात्र बीटा-रोधक देणे धोक्याचे, असा इशारा आहे. नाव तेच, सूत्रही तेच ॲड्रिनलिनचे. पण एका ठिकाणी आल्फाची दारे सैल करावी लागतात, दुसऱ्या ठिकाणी बीटाचा लगाम घट्ट.

महाडच्या प्रकरणावर वादही झाले. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील के. राधाकृष्ण मूर्ती ह्यांचे म्हणणे असे की, विषाने इन्शुलिनची क्रिया दबते व हृदयाच्या इंधनाचीच टंचाई होते. म्हणून त्यांनी इन्शुलिन व ग्लुकोजचा पुरस्कार केला. प्रतिविषाचा प्रश्न आणखी निराळा. ट्युनिशियात १९९९ मध्ये झालेल्या चाचणीत सरसकट दिलेल्या प्रतिविषाचा लाभ दिसला नाही. तेथील विंचवांच्या जाती निराळ्या होत्या, हेही खरे. आपल्याकडील लाल विंचवाचे प्रतिविष मुंबईच्या हाफकिन संस्थेने तयार केले, आणि बावस्कर दांपत्याने ते प्राझोसिनच्या जोडीस देऊन पाहिले. त्या तुलनात्मक चाचणीचा वृत्तांत २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ रोग्यांपैकी ८ जण दहा तासांत लक्षणमुक्त झाले. प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२. ही चाचणी उघडी होती, म्हणजे कोणास काय दिले हे डॉक्टरांस व रोग्यांस ठाऊक होते. तेवढी सूट मनात धरूनच हे आकडे वाचावेत. तरीही आकड्यांतील अंतर दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

येथवरचा सारा विचार ग्राहकांच्या पातळीवर, म्हणजे पेशीच्या दाराशी, झालेला होता. दाराशी आघात झाल्यावर पेशीच्या आत काय पालटते, हा प्रश्न राहिलाच होता. त्याच्या उत्तराचा एक भाग सर्वस्वी अनपेक्षित दिशेने आला. सी. एलेगन्स हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा कृमी. त्याच्या वाढीचे टप्पे कसे ठरतात ह्याचा अभ्यास करताना व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन ह्यांच्या प्रयोगशाळांनी १९९३ मध्ये एक चमत्कारिक जनुक दाखविले. त्यापासून प्रथिन बनतच नव्हते; बनत होता तो केवळ सुमारे बावीस घटकांचा आरएनएचा तुकडा, आणि तो दुसऱ्या जनुकाच्या संदेशास चिकटून त्याचे प्रथिनात रूपांतर होऊ देत नव्हता. सात वर्षे ही गोष्ट कृमीपुरतीच समजली गेली. २००० मध्ये अशाच दुसऱ्या तुकड्याची प्रतिकृती माणसासह अनेक प्राण्यांत सापडली, आणि २००१ मध्ये ह्या वर्गास मायक्रोआरएनए हे नाव मिळाले. अँब्रोस व रुव्हकुन ह्यांना २०२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपण त्यांना सूक्ष्म आरएनए म्हणू. त्यांचे वैशिष्ट्य असे की, एकच तुकडा शेकडो संदेशांना थोडा थोडा दाबतो. प्राझोसिन एका जातीच्या दाराला कुलूप लावते. सूक्ष्म आरएनए हा घरातील पुष्कळशा दिव्यांची वात एकदम थोडी खाली करणारा आहे.

हृदयाच्या संदर्भात २००५ ते २०१२ हा काळ सर्वांत दाट आहे. अमेरिकेत ओल्सन ह्यांच्या प्रयोगशाळेतील व्हान रूय ह्यांनी २००६ मध्ये दाखविले की, ताणाखाली असलेल्या हृदयात काही सूक्ष्म आरएनए ठराविक रीतीने वाढतात व काही घटतात, आणि माणसाच्या अक्षम हृदयातही त्यांतील पुष्कळ बदल दिसतात. पुढील वर्षी त्यांनी मिर-२०८ विषयीचा शोध प्रसिद्ध केला. हृदयस्नायूतील एका मुख्य प्रथिनाच्या जनुकातच दडलेला हा तुकडा काढून टाकलेल्या उंदरांची हृदये ताण देऊनही नेहमीसारखी जाड होत नाहीत. जुनाट ताणाखालचे हृदय गर्भावस्थेतील जनुके पुन्हा चालू करते, हे पूर्वीच ठाऊक होते. त्या उलट्या प्रवासाचा एक सांधा येथे हाती लागला. त्याच वर्षी इटलीतील कारे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिर-१३३ नेमका उलट वागतो, तो घटला की हृदय जाड होते, असे दाखविले. आणि २०१४ मध्ये दुसऱ्या एका गटाने हाच मिर-१३३ बीटा-ग्राहकाच्या संदेशसाखळीवर नियंत्रण ठेवतो असे दाखवून दिले. म्हणजे फिरून आपण त्या जुन्या ॲड्रिनलिनच्या सूत्राशीच येतो. फरक एवढाच की, आता पाहणे दाराच्या आतून आहे. विंचूदंशाचे काही तासांचे संकट आणि सूक्ष्म आरएनएंनी घडविलेला वर्षांचा पालट ह्यांचा सरळ धागा जोडण्याचा येथे उद्देश नाही. पहिल्यात दारावरचा आघात हेच सर्वस्व होते, दुसऱ्यात घर बदललेले असते, आणि १९८६ चे दोन वृत्तांत परस्परांहून इतके भिन्न का ह्याचे स्पष्टीकरण बहुतांशी ह्याच फरकात सापडते.

ह्या क्षेत्रातही ‘नाव एक, वस्तू अनेक’ असा प्रसंग येऊन गेला आहे. जर्मनीतील थुम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नेचरमध्ये असे मांडले की, मिर-२१ हा हृदयातील तंतुपेशींत वाढतो, व त्याला रोधले असता उंदरांच्या हृदयातील तंतूंचे जाळे कमी होते व हृदय सुधारते. ओल्सन ह्यांच्या गटाने २०१० मध्ये मिर-२१ मुळातच नसलेले उंदीर तयार केले; त्यांची हृदये मात्र ताणाखाली नेहमीसारखीच जाड झाली. वाद पुष्कळ झाला, आणि त्यात एक मुद्दा पुढे आला तो चिकित्सेच्या दृष्टीने मोलाचा आहे : रोधक तुकडा किती लांबीचा, त्याची रासायनिक घडण कोणती, तो पेशीत कितपत शिरतो, ह्यांवर परिणाम अवलंबून असतो. शिवाय जन्मतःच एखादे जनुक नसणे आणि प्रौढपणी ते काही आठवडे दाबणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्राझोसिनच्या दोन वृत्तांतांप्रमाणे येथेही दोन्ही पक्षांनी जे पाहिले ते खरे असू शकते. हृदयाच्या कोणत्या पेशीत, रोगाच्या कोणत्या अवस्थेत, हे सांगितल्याविना ‘मिर-२१ हृदय-अक्षमतेस कारण आहे’ हे विधान अपुरे आहे.

औषध म्हणून ह्या विचाराची प्रगती सावकाश आहे. सूक्ष्म आरएनएला चिकटून त्यास निकामी करणारे प्रतितुकडे माणसांना देता येतात, हे यकृतदाहाच्या क विषाणूविरुद्ध मिर-१२२ च्या रोधकाने २०१३ मध्ये दाखविले. उलट मिर-३४ची नक्कल करणाऱ्या एका कर्करोगविरोधी औषधाची चाचणी २०१६ मध्ये रोगप्रतिकारयंत्रणेच्या गंभीर उपद्रवांमुळे थांबवावी लागली. हृदयाच्या बाबतीत सर्वांत पुढे गेला आहे तो मिर-१३२ चा रोधक. २०१२ मध्ये थुम ह्यांच्या गटाने हा तुकडा व त्याचा जोडीदार मिर-२१२ नसलेली उंदरांची हृदये ताणास तोंड देतात असे दाखविले. मग डुकरांवर प्रयोग झाले. आणि स्थिर अवस्थेतील २८ रोग्यांवरील पहिल्या चाचणीत औषध सुसह्य ठरल्याचे वृत्त युरोपियन हार्ट जर्नलमध्ये आले. २८ ही संख्या सुरक्षिततेच्या पहिल्या पाहणीपुरती आहे, गुणाच्या निर्णयासाठी नव्हे. पुढील टप्प्याच्या चाचणीसाठी नुकताच हृदयझटका येऊन गेलेले, हृदयाची लोटण्याची शक्ती घटलेले रोगी निवडण्यात आले. आणि २०२४ मध्ये ह्या औषधाची मालक कंपनी डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कने विकत घेण्याचे ठरविले. सूक्ष्म आरएनएचेच भावंड म्हणता येईल अशा, पण एकाच संदेशावर नेम धरणाऱ्या आरएनएंची औषधे मात्र २०१८ पासून प्रत्यक्ष वापरात आली आहेत, व त्यांतील एकास २०२५ मध्ये अमेरिकेत हृदयस्नायूत प्रथिन साचण्याच्या विशिष्ट विकारासाठी मान्यताही मिळाली. नेम जितका नेमका, तितका औषधाचा मार्ग सोपा, असे तूर्त दिसते. शेकडो संदेशांवर एकदम परिणाम करणे हेच सूक्ष्म आरएनएचे बळ आहे आणि तीच त्याची अडचणही.

भोर-वेल्ह्याच्या, किंवा एकूण आपल्या देशाच्या, दृष्टीने ह्याचा विचार करताना निवडलेले रोगी कोण हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. तिरुवनंतपुरम येथील २०१३ च्या हृदय-अक्षमता नोंदवहीत १,२०५ रोगी होते. त्यांचे सरासरी वय ६१ च्या आसपास होते, म्हणजे पाश्चात्त्य नोंदवह्यांतील रोग्यांहून सुमारे दहा वर्षांनी कमी. त्यांच्यातील बहुसंख्यांचा रोग रोहिण्या तुंबल्यामुळे झालेला होता, आणि तेवढ्यापुरती मिर-१३२ ची चाचणी त्यांना लागू पडण्याजोगी आहे. पण आपल्याकडे लहानपणीच्या घशाच्या जंतुदोषानंतर झडपा बिघडलेल्या तरुण स्त्रियांची हृदयेही अक्षम होतात. तेथे स्नायूतील सूक्ष्म आरएनए दाबून आक्रसलेली झडप उघडणार नाही. ती शस्त्राने किंवा फुग्याने उघडावी लागते, आणि तिच्याआधी दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई द्यावी लागते. त्या रोग्यांच्या कागदावरही ‘हार्ट फेल्युअर’ असेच लिहिलेले असते. रक्तातील सूक्ष्म आरएनए मोजून रोग ओळखावा, अशी सूचना २०१० मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी मिर-४२३ विषयी केली होती. अशा मोजणीचा खरा उपयोग रोग आहे की नाही हे सांगण्यापेक्षा एकाच नावाखालील निरनिराळी हृदये वेगळी ओळखण्यासाठी झाला, तर तो बिरवाडीच्या कामाचा पुढचा टप्पा ठरेल; कारण उलटी, घाम आणि थंड हातपाय पाहून बावस्करांनी रोग्यांच्या ज्या श्रेणी लावल्या, त्यांचा हेतूही तोच होता. २०११ च्या चाचणीत जे ७० रोगी घेतले ते त्या श्रेणींपैकी दुसऱ्या श्रेणीचे होते, ज्यांच्या फुप्फुसांत अद्याप पाणी भरलेले नव्हते.